बाविसाव्या मजल्यावरचं गावकूस

माझी शाळा एका बड्या कंपनीच्या संचालक मंडळाच्या पेन्सिलींवर झाली. थट्टा नाही करत. बाप नरिमन पॉइंटला एका कंपनीत शिपाई होता. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही. वकिलाची फी भरायची आपल्या मासिकाची ऐपत नाही. दर तीन महिन्यांनी बाविसाव्या मजल्यावर बोर्डाची मीटिंग भरायची. आदल्या संध्याकाळी बाप पंधरा खुर्च्यांपुढं पंधरा कोरे पॅड आणि टोक काढलेल्या तीस पेन्सिली मांडून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी साहेब लोक उठून गेले की टेबल आवरायचा. पेन्सिली जशाच्या तशा. पॅडवर फार तर एखादं फूल, एखादा घोडा, नाहीतर कुणी स्वतःचीच सही दहा वेळा केलेली. हे सगळं कचऱ्यात टाकायचा हुकूम होता. बाप ते डब्याच्या पिशवीत घालून वरळीला आणायचा आणि आम्ही तिघं भावंडं वर कंपनीचं चिन्ह छापलेल्या गुळगुळीत कागदावर पाढे लिहायचो. गुरुजींना वाटायचं, ह्यांच्या घरात कुणीतरी मोठा साहेब आहे.

बापाला इंग्रजी येत नव्हतं, पण ते टेबल तोंडपाठ होतं. रात्री भाकरी खाता खाता सांगायचा. मधोमध शेटजी. उजव्या हाताला शेटजींचा मुलगा, नुकताच अमेरिकेहून शिकून आलेला. त्याच्या पलीकडं शेटजींचे मेहुणे. डाव्या हाताला सॉलिसिटर, ज्यांच्या वडिलांनी शेटजींच्या वडिलांची कागदपत्रं केली होती. मग दिल्लीहून विमानानं येणारे एक रिटायर सेक्रेटरी. ज्या खात्याकडून कंपनीला परवाने मिळायचे त्याच खात्यात त्यांची हयात गेलेली. मग बँकेचा माणूस, विम्याचा माणूस, अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक. आणि एक म्हातारे, जे चहा येईपर्यंत झोपलेले असत. बाप म्हणायचा, "अरे, मंडळ कसलं, वऱ्हाड आहे ते. अर्धे मुलीकडचे, अर्धे मुलाकडचे."

सुरुवातीची दोन वर्षं चहाचा ट्रे बापच फिरवायचा. एकदा म्हाताऱ्यांना चहाच्या आधीच जाग आली. कप उचलता उचलता त्यांनी प्रेमानं विचारलं, "कुठले तुम्ही? आडनाव काय?" बापानं सांगितलं. गावही सांगितलं, तालुक्यासकट. पुढच्या मीटिंगला चहा फिरवायला कँटीनचा दुसरा पोरगा आला. कुणी काही बोललं नाही. लेखी काही नाही. पगार तोच. बापाला सांगण्यात आलं, "तुम्ही पॅड-पेन्सिली बघा, आणि संडासातले टॉवेल." रिटायर होईपर्यंत बापानं तेच बघितलं.

मी हे रडगाणं म्हणून लिहीत नाही. बापाला त्याचं रडू कधी आलं नाही, तो हसायचा. पण कॉलेजात असताना मला एक प्रश्न पडला तो अजून सुटत नाही. ज्यांनी चहाचा ट्रे दुसऱ्याच्या हातात दिला ते कुणी खेड्यातले पाटील नव्हते. लंडन-अमेरिकेहून शिकून आलेले, पाश्चात्त्य संगीत ऐकणारे, जेवायला काटे-चमचे वापरणारे लोक होते. हेच लोक कुणाला कामावर घ्यायचं, कुठला कारखाना बंद करायचा, कुठल्या गावची नदी घाण करायची, हे ठरवत होते. हे लोक आहेत कोण? तिथं पोचतात कसे? आणि तिथं बसून करतात काय?

दोस्तांनो, पहिल्या प्रश्नाचं उत्तर छापून आलेलं आहे. २०१२ च्या ऑगस्टमध्ये आपल्या मुंबईतूनच निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त डी. अजित, हान डोंकर आणि रवी सक्सेना या तिघांनी एक अभ्यास मांडला. देशातल्या सगळ्यात मोठ्या हजार खाजगी-सरकारी कंपन्या घेतल्या, त्यांच्या बोर्डांवरचे २०१० सालचे नऊ हजारांवर संचालक घेतले, आणि एकेकाची जात मोजली. वैश्य ४६ टक्के. ब्राह्मण ४४.६ टक्के. बाकीचे उच्चवर्णीय धरून ९२.६ टक्के. ओबीसी ३.८. अनुसूचित जाती आणि जमाती दोन्ही मिळून ३.५. सव्वाशे कोटींच्या देशात दोन वर्णांनी नव्वद टक्के खुर्च्या वाटून घेतल्या, आणि त्यातही वाटणी बघा, जवळजवळ निम्मी निम्मी. पैसा ह्यांचा, पोथी त्यांची.

जात मोजली कशी? आडनावावरून! बाविसाव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यानं मोजली तशीच. भाड्यानं खोली देणारा मोजतो तशीच. आता आपल्याला माहीत आहे की महाराष्ट्रात आडनाव फसवतं. जाधव मराठाही असतो आणि आपलाही असतो, पवार, मोरे, गायकवाड तसेच. तेव्हा त्या साडेतीन टक्क्यांत काही इकडचे तिकडे झाले असतील, हे मान्य करून टाकू. पण ज्यांचं आडनाव ओळखायला काहीच अडचण पडत नाही असे नव्वद टक्के निघाले, हे त्यामुळं बदलत नाही. आणि हा आकडा तीन संशोधकांना आडनावं चाळून काढावा लागला, कारण कुठलीच कंपनी तो देत नाही. वार्षिक अहवाल उघडा. संचालकांचे गुळगुळीत फोटो असतात, कोण कुठल्या विद्यापीठात शिकला ते असतं, कुणाचं कशात कौशल्य आहे त्याचा तक्ता असतो. नोकरांत पुरुष किती, स्त्रिया किती, अपंग किती याचे रकाने असतात, कारण सेबी ते मागते. जातीचा रकाना नाही. जिथं मोजायचंच नाही तिथं "आमच्याकडे जात नाही" असं म्हणायला काय जातं!

बरं, हे संचालक करतात काय? पुस्तकात लिहिलेलं असं: भागधारक हे कंपनीचे मालक, ते संचालक निवडतात, संचालक मॅनेजमेंटवर लक्ष ठेवतात. लोकशाहीच जणू. फक्त इथं माणशी एक मत नसून शेअरमागं एक मत असतं, एवढाच फरक. खुर्च्या तीन जातीच्या. (शब्द तोंडात आला, राहू द्या.) एक, पगारी, म्हणजे मॅनेजिंग डायरेक्टर वगैरे, प्रत्यक्ष कारभार बघणारे. दोन, बिगर-कार्यकारी, मालकांच्या घरचे नाहीतर वित्तसंस्थांनी पाठवलेले. तीन, 'स्वतंत्र'. २०१३ च्या कंपनी कायद्यानं शेअर बाजारात असलेल्या कंपनीला किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र ठेवायला लावले. स्वतंत्र म्हणजे मालकांचा नातेवाईक नाही, कंपनीशी पैशाचा व्यवहार नाही. वर्षाला निदान चार मीटिंगा. एका मीटिंगला हजर राहिल्याबद्दल कंपनी एक लाखापर्यंत फी देऊ शकते, वर नफ्यातला वाटा वेगळा. एका माणसाला एका वेळी दहा पब्लिक कंपन्यांवर बसता येतं. चार दिवस गुणिले दहा. आपल्याकडं ह्यालाच रोजंदारी म्हणतात, फक्त रोज जरा बरा आहे.

आणि नवा संचालक शोधतो कोण? संचालकांचीच एक समिती. तिचं नाव नामनिर्देशन आणि मोबदला समिती. बसलेल्यांनी आपल्या शेजारी कोण बसावं ते सुचवायचं, मग भागधारकांनी मान हलवायची. क्लबात, गोल्फच्या मैदानावर, जुन्या कॉलेजच्या मेळाव्यात जो दिसतो तोच सुचतो. मुद्दाम कुणाला दूर ठेवायची गरजच पडत नाही. माझ्या बापाला तरी कुठं कुणी हाकललं होतं?

आता भोपाळचं सांगतो, कारण संचालकाचं काम काय असतं हे भोपाळनं दाखवलं तसं कुठल्याही पुस्तकानं दाखवलेलं नाही.

युनियन कार्बाइड इंडिया. निम्म्याहून थोडे जास्त शेअर अमेरिकेतल्या कंपनीचे, उरलेले आपल्याच देशातल्या वित्तसंस्थांकडे आणि भागधारकांकडे. बोर्डाचे अध्यक्ष केशुब महिंद्रा. मुंबईतलं नावाजलेलं घराणं, अमेरिकेतल्या व्हार्टनचं शिक्षण, स्वतःच्या घरच्या महिंद्रा अँड महिंद्राचे १९६३ पासून २०१२ पर्यंत अध्यक्ष, शिवाय टाटा स्टील, आयसीआयसीआय, सरकारी स्टील कंपनी अशा कितीतरी बोर्डांवर. सभ्य, दानशूर माणूस अशी ख्याती, आणि ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. मला त्या माणसापेक्षा त्या खुर्चीत रस आहे.

१९८१ च्या डिसेंबरात त्या कारखान्यात फॉसजीन वायूनं एक कामगार मेला. १९८२ साली अमेरिकेहून तपासणीला आलेल्या पथकानं धोके लिहून दिले. त्याच वर्षी भोपाळचा पत्रकार राजकुमार केसवानी आपल्या छोट्याशा पेपरात ओरडून सांगत होता की हे शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसलंय. मग तोटा वाढला म्हणून माणसं कमी केली, खर्च कापला. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री वायूची टाकी गार ठेवणारं यंत्र बंद होतं, आणि ते काही महिन्यांपासून बंद होतं. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी काढून ठेवलेली होती. वायू सुटला तो आधी समोरच्या जयप्रकाश नगरात, काझी कँपात शिरला. तिथं कोण राहत होतं? गरीब मुसलमान, दलित, मजूर, विडी वळणाऱ्या बाया. वायूला आडनाव कळत नाही, पण कारखान्याच्या भिंतीला लागून झोपडं कुणी बांधायचं हे आधीच ठरलेलं असतं. नुकसानभरपाईच्या हिशेबात पाच हजारांवर मृत्यू सरकारनं मान्य केले. भोपाळमधल्या संघटना त्याच्या कितीतरी पट सांगतात.

कोर्टात काय झालं? अध्यक्षांचा बचाव सरळ होता: मी बिगर-कार्यकारी अध्यक्ष, बोर्ड वर्षातून मोजक्या वेळा भरायचं, रोजचा कारभार मी बघत नव्हतो. ह्या वाक्यावर थांबा जरा. कंपनीचा सगळ्यात मोठा माणूस म्हणतो की कंपनीत रोज काय चालतं ते बघणं हे माझं कामच नव्हतं. १९९६ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानं सदोष मनुष्यवधाचा आरोप खाली आणून निष्काळजीपणानं मृत्यूचा केला. रस्त्यावर माणूस चिरडला की ट्रक ड्रायव्हरला लागतं ते कलम. ७ जून २०१० ला, म्हणजे साडेपंचवीस वर्षांनी, भोपाळच्या कोर्टानं दोषी ठरवून दोन वर्षं कैद आणि लाखभर रुपये दंड सुनावला, आणि त्याच दिवशी पंचवीस हजारांच्या जामिनावर सोडलं. दोषींमध्ये बोर्डाचे अध्यक्ष होते आणि कारखान्यातला एक उत्पादन सहाय्यकही होता. दोघांना शिक्षा सारखीच! मीटिंगच्या फीच्या वेळी ही समता कुठं असते? महिंद्रा २०२३ च्या एप्रिलमध्ये नव्व्याण्णवाव्या वर्षी वारले. दोन वर्षांची ती कैद त्यांना भोगावी लागली नाही. अमेरिकेचा वॉरन अँडरसन तर १९८४ सालीच पंचवीस हजारांचा जामीन भरून उडाला होता, तो २०१४ साली मेला तोपर्यंत परत आला नाही.

मी भोपाळला दोनदा गेलोय. बंद कारखान्याच्या भिंतीला हात लावून आलोय. तिथल्या एका म्हातारीनं मला विचारलं, "बंबई से आए हो? वो लोग वहीं बैठते हैं ना?" मी हो म्हणालो. मला शरम वाटली. का वाटली ते अजून नीट सांगता येत नाही, कारण मी तर पेन्सिली मांडणाऱ्याचा पोरगा.

कुणी म्हणेल, ही जुनी गोष्ट. नव्या कायद्यात सगळं सुधारलं. बघू या. नव्या कायद्याच्या १४९ व्या कलमात लिहिलंय की स्वतंत्र संचालक जबाबदार कधी, तर गोष्ट त्याच्या माहितीत असली, बोर्डाच्या कामकाजातून त्याच्यापर्यंत पोचली असली आणि त्यानं संमती दिली असली, किंवा त्यानं कामात हयगय केली असली तर. म्हणजे माहीत नसणं ही ढाल झाली. त्याच २०१३ सालात ह्याच संसदेनं दुसराही एक कायदा केला: माणसानं हातानं मैला उपसायला बंदी. एका कायद्यानं वरच्याला सांगितलं की तुला माहीत नसेल तर तू सुटलास. दुसऱ्यानं खालच्याला सांगितलं की तू आता गटारात उतरायचं नाहीस. ह्यातला कुठला अंमलात आला ते तुम्ही पेपरात वाचता. कंपनीच्या टाकीत कंत्राटदाराचा पोरगा गुदमरून मरतो तेव्हा मुकादमावर गुन्हा दाखल होतो. बोर्डाला कळतच नाही, कारण मीटिंग पुढल्या तिमाहीत असते.

सत्यमचं दोन ओळींत सांगून टाकतो. हैदराबादची कंपनी. तिच्या बोर्डावर हार्वर्डचा प्राध्यापक होता, बिझनेस स्कूलचा डीन होता, आयआयटीचा माजी संचालक होता, भारत सरकारचा माजी कॅबिनेट सचिव होता, पेंटियम चिप बनवणारा होता. १६ डिसेंबर २००८ ला ह्या विद्वानांनी मालकाच्याच मुलांच्या कंपन्या विकत घ्यायचा ठराव मंजूर केला. त्या कंपन्यांचं नाव मेटास, म्हणजे इंग्रजीत सत्यम उलटं लिहिलं की होतं ते. आमच्या गल्लीतल्या दहावी नापास पोराला सुद्धा वास आला असता. तीनच आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ ला, मालकानं स्वतःच पत्र लिहून कबूल केलं की हजारो कोटींचे हिशेब खोटे आहेत. बाकी मंडळी स्वतंत्र होती.

म्हणून राखीव जागा म्हटलं की गुणवत्ता, गुणवत्ता करून ओरडणाऱ्यांची मला गंमत वाटते. २००४ साली खाजगी क्षेत्रात आरक्षणाची नुसती चर्चा सुरू झाली तर उद्योगपतींच्या पोटात गोळा आला. २००६ मध्ये त्यांच्या संघटनांनी सांगितलं, सक्ती नको, आम्ही स्वेच्छेनं करतो. स्वेच्छेनं काय केलं? शिष्यवृत्त्या, ट्रेनिंग सेंटर, शिलाई मशीन. खालच्या मजल्यावर सगळं. बाविसाव्या मजल्याचा विषय निघाला की लिफ्ट बंद. सरकारी बँकांतही तेच, राखीव जागा खालच्या पायऱ्यांवर, बोर्डाच्या दारात संपतात.

आणि गुणवत्तेचं म्हणाल तर, बडोद्याहून अपमान गिळून मुंबईला परतलेल्या एका तरुणानं शेअरमधल्या गुंतवणुकीचा सल्ला देणारी पेढी काढली होती. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस. गिऱ्हाईकं आली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळलं आणि गिऱ्हाईकं पांगली. पेढी बंद पडली. पुढं त्याच माणसानं लंडनची डी.एस्सी. मिळवली, रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, देशाची घटना लिहिली. बाबासाहेब आंबेडकरांना दलाल स्ट्रीटनं नापास केलं होतं, हे आपल्या पोरांना कुणी सांगत नाही. आणि ह्याच शहरातल्या गिरण्यांत विणकामाच्या खात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो आणि आपल्या उष्ट्या धोट्यानं बाकीचे विणकर बाटतात. पगार त्याच खात्यात जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला तेव्हा त्यांनाही तो अडचणीचा वाटला. ट्रे आणि धोटा, दोन्ही एकाच जातीच्या वस्तू.

आता आपल्यातल्याच एका मुद्द्याकडं येतो. परवा स्टडी सर्कलमध्ये एक पोरगा तावातावानं बोलला, "आपल्याला बोर्डात जाऊन करायचंय काय? भांडवलदाराच्या शेजारी आपला एक कांबळे बसला म्हणून भांडवलशाही बाटणार आहे का? तो उद्या आपल्यालाच ओळखणार नाही." बरोबर आहे, नाहीच ओळखणार कदाचित. बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढं ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, त्यातल्या एकाच्या मांडीवर बसून दुसऱ्याशी लढता येत नाही. आपल्या उद्योजकांचंही मी बघतो. कल्पना सरोज यांचं मला मनापासून कौतुक आहे. अकोल्याकडच्या खेड्यातून आलेली बाई मुंबईच्या कमानी ट्यूब्जची मालकीण झाली, ही साधी गोष्ट नाही. पण लक्षात घ्या, ती कंपनी आधी मालकांच्या घरच्या भांडणात बुडाली, मग कामगारांनी चालवून बघितली, तरी बुडाली, कर्जाचा डोंगर झाला, कुणी हात लावेना, तेव्हा ती खुर्ची आपल्या वाट्याला आली. मेलेलं ढोर ओढायला आपल्यालाच बोलावतात.

तरीसुद्धा मी त्या पोराशी सहमत नाही. मला खुर्चीचं अप्रूप नाही, मला टेबलावरचे कागद हवेत. मेन्टेनन्सचा खर्च कापायचा ठराव कुठल्या दिवशी झाला, कोण हो म्हणालं, कोण गप्प बसलं, कंत्राटी सफाईचं टेंडर कुणाला गेलं आणि त्यात मास्क-ऑक्सिजनचे पैसे धरले होते का. हे बाहेर मोर्चा काढून कळत नाही. जर्मनीत १९७६ सालचा कायदा आहे, दोन हजारांवर कामगार असलेल्या कंपनीच्या देखरेख मंडळात निम्मी माणसं कामगारांनी निवडलेली असतात. त्याच १९७६ साली आपल्याही घटनेत कलम ४३-क घातलं गेलं, कामगारांना व्यवस्थापनात वाटा द्यावा म्हणून. १९९० साली त्यासाठी राज्यसभेत विधेयकही आलं. कायदा झाला नाही. बायकांसाठी मात्र झाला. मोठ्या कंपन्यांच्या बोर्डावर निदान एक बाई हवीच म्हटल्यावर २०१५ च्या मुदतीच्या तोंडावर बऱ्याच शेटजींना अचानक आपली बायको, सून, बहीण लायक वाटू लागली. हसायला येतं, पण पुढं सेबीनं मोठ्या कंपन्यांना घरची नको, स्वतंत्र बाई आणा असं सांगितलं, आणि बायका आल्याच ना? गुणवत्तेचं आभाळ कुठं कोसळलं?

तोवर आपण काय करायचं? कायदा वाचत होतो. शत्रूचं पुस्तक वाचायची सवय आपल्याला बाबासाहेबांनीच लावली. १६० वं कलम सांगतं की कुणीही माणूस संचालकपदाला उभा राहू शकतो. सभेच्या चौदा दिवस आधी लेखी नोटीस आणि एक लाख अनामत. निवडून आला किंवा पंचवीस टक्क्यांवर मतं पडली तर पैसे परत, नाहीतर जप्त. लाख रुपये पाण्यात घालायचे कुठून? पण १५१ वं कलम बघा. शेअर बाजारातल्या कंपनीत छोट्या भागधारकांचा एक संचालक असू शकतो. छोटा म्हणजे वीस हजार दर्शनी किमतीपर्यंतचे शेअर असलेला. त्यासाठी हजार छोट्या भागधारकांनी, किंवा त्यांच्या एकूण संख्येच्या एक दशांश लोकांनी, जे कमी असेल तेवढ्यांनी, सह्या करून नोटीस द्यायची. कायद्यातला शब्द 'असू शकतो' असा आहे, 'असलाच पाहिजे' असा नाही; त्यांचे वकील तिथंच बोट ठेवतील, मला ठाऊक आहे. ठेवू दे. हजार सह्यांची नोटीस का फेटाळली हे त्यांना तोंडानं सांगावं लागेल, आणि उत्तर आपण छापू.

हजार माणसं, माणशी एक शेअर. बापाच्या कंपनीचा शेअर आज आपल्या एका दिवसाच्या मजुरीत येतो. मी स्वतः एक शेअर घेऊन गेली आठ वर्षं भागधारक आहे. पूर्वी सभा हॉलमध्ये व्हायची, ढोकळा-सँडविचचं पाकीट मिळायचं, आता मोबाइलवर होते. मागच्या वर्षी वक्ता म्हणून नाव नोंदवलं. तीन मिनिटं मिळाली. मी विचारलं, "आपल्या बोर्डावर अनुसूचित जाती-जमातीचे किती आहेत?" अध्यक्ष हसले. आता मधोमध तोच अमेरिकेहून आलेला मुलगा बसतो, केस पांढरे झालेत. म्हणाले, "ह्या कंपनीत आम्ही माणसाची जात बघत नाही." मी म्हणालो, "साहेब, माझ्या वडिलांच्या हातचा चहा..." तेवढ्यात माझा आवाज बंद केला होता. पडद्यावर माझे ओठ हलताना मलाच दिसत होते.

आमची उमेदवार ठरली आहे. त्याच इमारतीत कंत्राटी सफाईचं काम करते, चौदा वर्षं झाली, बाविसावा मजला तिच्याकडंच असतो. नाव आज छापत नाही, उद्या कंत्राटदार तिला गेटवरच अडवेल. तिला सगळं समजावून सांगितलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "मीटिंगच्या दिवशी माझी पाळी दुसऱ्या कुणाला द्यावी लागंल ना?"

आजवर २१७ नावं झालीत. वरळी, गोवंडी, रमाबाई नगर, उल्हासनगर, पिंपरी. यादी मी बापाच्या पेटीत उरलेल्या कंपनीच्याच पॅडवर लिहितोय, अजून दोन पॅड कोरे आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी रविवारी सकाळी दहानंतर विहारात यावं. पॅनकार्ड आणि बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स आणा. ज्यांचं डिमॅट खातं नाही त्यांचे फॉर्म तिथंच भरून घेऊ.